उलटी मांजर

वहीच्या उजव्या पानावर रंगीत पेन्सिलींनी काढलेली मांजर होती. पाय वर, डोकं खाली. शेजारी एवढंच लिहिलेलं: "का?"

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला असलेली मराठी माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग, जुलै महिना. खिडकीबाहेर येऊरचा डोंगर पावसात पुसला गेला होता. संगणक कक्षात भिजल्या दप्तरांचा वास आणि कुठल्यातरी यूपीएसचं थांबून थांबून येणारं 'टीक'. एका संगणकापाशी चौघं. एका मुलाचा हात माऊसवर होता. दुसऱ्याचं बोट पडद्यावर होतं, इतकं जवळ की काचेवर बोटांचे ठसे उठलेले. तिसऱ्याकडे फक्त 'एंटर' दाबायचं काम. चौथी मुलगी दोन वेण्यांची, खुर्ची न मिळाल्याने मागे उभी, आणि तिला सांगून टाकलेलं: "तू लिहून घे, तुझं अक्षर चांगलंय." स्क्रॅच म्हणजे रंगीत तुकडे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर. त्यातली मांजर चालवायची होती. हिरवा झेंडा दाबला की मांजर 'फॉरएव्हर'मध्ये, म्हणजे न थांबता, दहा-दहा पावलं जाणार, कडेला आपटली की परत फिरणार. मांजर उजव्या कडेपर्यंत गेली, आपटली, परत फिरली, आणि पाठीवर उताणी होऊन उलटी चालू लागली. तिन्ही मुलगे हसले. बाई जाता जाता म्हणाल्या, "चाललं ना? छान." फाइल जपून ठेवली गेली, तास संपला. मुलीने वहीत सगळे तुकडे त्यांच्या त्यांच्या रंगात काढले होते. झेंड्याचा पिवळा, चालण्याचा निळा, 'फॉरएव्हर'चा नारिंगी. आणि खाली ती उलटी मांजर. त्या खोलीत तो प्रश्न पडलेली ती एकटीच होती, आणि तिच्या हाताला माऊस एकदाही लागला नव्हता.

हजेरीत त्या तासापुढे 'गटकार्य' असं लिहिलं गेलं.

खरं तर त्या खोलीचा हिशोबच असा असतो की वाईट वाटून घ्यायलाही वेळ नसतो. चाळीस मुलं, चौदा संगणक, त्यातले दहा चालू. तास पस्तीस मिनिटांचा. बाहेर चपला काढून रांगेने आत येण्यात चार मिनिटं, यंत्रं सुरू होण्यात आणखी चार, शेवटी फाइल ठेवून सगळं नीट बंद करण्यात पाच. उरतात बावीस. चौघांत वाटली तर प्रत्येकाला साडेपाच. ही साडेपाच मिनिटं आपोआप वाटली जात नाहीत. दारातून जो आधी धावत शिरला त्याला खुर्ची मिळते, खुर्चीवाल्याला माऊस मिळतो, आणि ज्याच्या घरी संगणक आहे तोच बहुधा धावत शिरलेला असतो, कारण त्याला आत काय करायचं ते माहीत असतं. येतं त्यालाच सराव मिळतो आणि येत नाही त्याच्या वाट्याला वही येते. वर्षभर हेच चाललं की मार्चमध्ये आपण म्हणतो, काही मुलांना जात्याच आवड असते. मला वाटतं, ही आवड पुष्कळदा खुर्चीच्या जागेवर ठरलेली असते. यावर लोक सुचवतात की आणखी संगणक आणा. आणावेतच. पण एकास एक यंत्र मिळालेले वर्गही बघावेत. तिथे पडद्याकडे तोंड करून चाळीस मुलं गप्प बसलेली असतात आणि शेजाऱ्याची अडचण शेजाऱ्यालाही कळत नाही. एकत्र काम करणं शिकवायचं असेल तर दोघांत एक यंत्र ही अडचण मुळीच नाही, ती सोय आहे. फक्त ती नीट मांडायला हवी.

मांडणी अगदी साधी आहे. दोघांपैकी एक 'हात', दुसरा 'डोळे'. माऊस आणि कळफलक फक्त हाताचा. पुढे काय करायचं ते फक्त डोळ्यांनी सांगायचं, आणि तेही तोंडाने. पडद्याला बोट लावायचं नाही, माऊसला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या मनगटावर हात ठेवून माऊस फिरवायचा तर नाहीच नाही. सहा मिनिटांनी अदलाबदल. ही पद्धत मुळात सॉफ्टवेअरवाल्यांची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक यांनी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' म्हणून कामाची जी रीत मांडली, तिच्यात दोघांनी एका यंत्रावर बसून काम करणं हा एक भाग होता. वर्गात आणताना मात्र तिला बारीक डागडुजी लागते. पहिली गोष्ट, वेळ शिक्षकाने तोंडी सांगायची नाही. टेबलावर स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ ठेवायचं, कारण बाईंशी मुलं वाद घालतात, घड्याळाशी घालत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अदलाबदलीत माऊस सरकवायचा नाही, खुर्च्या बदलायच्या. माऊस सरकवला की तो पुढच्या अर्ध्या मिनिटात "थांब, एवढंच करतो" म्हणत परत जातो. उठून जागा बदलली की शरीरालाच कळतं, आता काम वेगळं. आणि डावखुऱ्या मुलाची वायर पलीकडून घ्यायला विसरू नये. तो बिचारा न बोलता उलट्या हाताने ओढत बसतो आणि त्याला 'हळू' म्हणून शिक्का बसतो.

पहिल्या दिवशी हे हमखास फसतं. डोळ्यांना बोलता येत नाही. "ते घे. ते नाही रे, ते! अरे ते खालचं!" असं दोन मिनिटं चालतं आणि मग हात पुढे येतोच. मुलं मुद्दाम नियम मोडत नसतात, त्यांच्याकडे शब्द नसतात. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी पाच मिनिटं नावांवर घालवावीत. पडदा फळ्यावर काढायचा आणि भाग ठरवायचे: डावीकडचं कपाट, मधलं अंगण, उजवीकडचा रंगमंच. तुकडे रंगाने आणि नावाने मागायचे: "कपाटातून निळा काढ, वरून पहिला, अंगणात नारिंगीच्या पोटात बसव." तिसऱ्या तासाला तीच मुलं इतकं नेमकं बोलू लागतात की पाठ करून बसलेल्या माणसालाही काय चाललंय ते कळावं. त्या बोलण्यासाठी एवढी धडपड. काम उरकायला एक हुशार मुलगा पुरतो. काम दुसऱ्याला शब्दांत सांगणं मात्र ज्याला येतं त्याला ते खरोखर समजलेलं असतं, आणि ज्याला सांगता येत नाही त्याला आपलं कुठे अडलंय ते तिथल्या तिथे दिसतं.

जोड्या लावताना एक जुनी सवय सोडावी लागते, ती म्हणजे सगळ्यात पुढच्याला सगळ्यात मागच्याशी बांधण्याची. हेतू चांगला असतो. पण दरी फार मोठी असली की पुढचा हुकूम सोडतो आणि मागचा मजूर होतो. किंवा पुढचा कंटाळून माऊस हिसकावतो. वर्ग मनात चार भागांत पाडून पहिल्या भागातलं मूल दुसऱ्यातल्याशी, तिसऱ्यातलं चौथ्यातल्याशी बसवलं तर गाडी चालते. चौघांत एकच यंत्र असेल तर दोघं यंत्रापाशी आणि दोघं खाली सतरंजीवर कागद घेऊन. सतरंजीवरच्या जोडीचं काम पुढचा टप्पा कागदावर आखणं, आणि वरच्या जोडीने केलेलं मोडून बघणं: झेंडा दोनदा दाबला तर? मांजर कडेलाच उभी असताना सुरू केलं तर? अकरा मिनिटांनी वरचे खाली, खालचे वर. 'मोडून बघणारा' ही भूमिका मुलांना फार आवडते, विशेषतः ज्यांना एरवी मोडल्याबद्दलच ओरडा बसतो त्यांना. या सगळ्यात आवाज होतो. शेजारच्या वर्गाचे सर येऊन दारात उभे राहतात. गडबड आणि गलबला यांत फरक आहे, पण तो दारातून ऐकू येत नाही, आत येऊन दोन बाकांमध्ये उभं राहावं लागतं.

आणि काही मुलं असतात ज्यांना खरंच एकट्याने करायचं असतं. त्यांना ओढून ओढून गटात घालणं मला पटत नाही. महिन्यात एक तास ज्याचा त्याचा ठेवावा. एकट्याने घडवलेली एखादी गोष्ट हाताशी असली की तेच मूल पुढच्या जोडीत थोडं ताठ बसतं.

जोडीने काम करणं सगळ्यात जास्त कुठे रंगत असेल तर ते मराठी टंकलेखनात, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकाची रचना एकदा समजली की फार सुंदर आहे. मात्रा आणि स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. साध्या दाबाने क, शिफ्टबरोबर ख. साध्याने त, शिफ्टबरोबर थ. डोळे झालेलं मूल हातात तक्ता घेऊन शब्द सोडवून सांगतं आणि हात झालेलं मूल कळ शोधतं. 'दुसऱ्या' हा शब्द देऊन बघावा. "द. पहिला उकार. स. आता र, त्याचा पाय मोड, मग य, काना." हाताने ओ, जी, एम, जे, डी, तिरकी रेघ, ई अशा कळा दाबल्या आणि पडद्यावर उमटलं 'दुसर्या'. य च्या डोक्यावर रफार. दोघं बघत राहतात. पुस्तकात तर असं नसतं. पुस्तक उघडलं जातं, शब्द शोधला जातो, आणि मग कळतं की इथला र डोक्यावर जात नाही, य च्या अंगाला चिकटून बसतो. मग बाई सांगतात, 'जे'ची कळ दाबताना शिफ्ट धरा. त्या कळेवर खास आपल्यासाठी ठेवलेला 'ऱ' आहे. पुन्हा सात कळा, आणि 'दुसऱ्या' बरोबर येतो. मग 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या', आणि 'सूर्या'ला मात्र शिफ्ट नको. व्याकरणाच्या तासाला रफार आणि अर्धा र यांतला जो फरक फळ्यावर चार वेळा लिहूनही डोक्यात शिरला नव्हता, तो एका शिफ्टच्या कळेने बोटात बसतो. तोंडाने बोलून मराठी सोडवण्याची ही रीत आपल्या पाटीवरच्या दिवसांची आहे. भ्रमणध्वनीवर बोलून मजकूर उमटवणारी मुलं पुन्हा "पहिली वेलांटी की दुसरी?" यावर भांडतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं.

टंकलेखनाचा एक घोळ मात्र आधीच टाळावा. गटातला एखादा मुलगा आपला परिच्छेद घराजवळच्या डीटीपीच्या दुकानातून करून आणतो. दुकानात तो झकास मराठीत दिसतो, शाळेत उघडला की इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा. मुलगा रडवेला होतो, वडिलांनी पैसे मोजलेले असतात. कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, वरून नुसता मराठी अंगरखा. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे अंगरखा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही उघडलं तरी मराठीच राहतं. जुन्याचं नवं करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात. काम वाटून देतानाच सांगावं: सगळ्यांनी युनिकोड, आणि एक ओळ टाइप करून शाळेच्या यंत्रावर उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तक्त्यांचं काम म्हणजे स्प्रेडशीट. ती शिकवायला 'विद्यार्थ्यांचे गुण' हे पुस्तकातलं उदाहरण निर्जीव आहे, ते गुण कुणाचेच नसतात. त्याऐवजी विजेची बिलं मागवावीत. मागच्या महिन्यांचे युनिट बिलावरच छापलेले असतात. नाव आणि ग्राहक क्रमांक घरीच कागद चिकटवून झाकायला सांगावं, आणि रुपये विचारू नयेत, फक्त युनिट. कुणाचं घर भाड्याचं असतं आणि बिल मालकाकडे जातं, कुणाच्या घरी ते दाखवायची तयारी नसते. अशा मुलांना शाळेच्याच मीटरवरचा आकडा रोज ठरावीक वेळी नोंदवायचं काम द्यावं. ते काम खालच्या दर्जाचं वाटू नये म्हणून ते आधी वाटावं. मग चौघांनी एकाच सामाईक तक्त्यात भरायला सुरुवात केली की चुकांची रास पडते, आणि त्या रासेतच सगळा अभ्यास असतो. एकाने '१०४ युनिट' असं लिहिलं. यंत्राला तो आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो, आणि बेरजेचं 'सम' सूत्र तो मुकाट्याने वगळतं. तक्रार येत नाही, बेरीज फक्त कमी येते. ओळखायची खूण अशी की आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. स्तंभावरून नुसती नजर फिरवली की डावीकडे बसलेला चोर सापडतो. दुसऱ्या एका मुलीने 'घरात माणसं किती' या रकान्यात '४-५' लिहिलं, कारण आजी कधी गावाला असते, कधी इथे. यंत्राने त्याची तारीख करून टाकली. तिला वाटलं आपण काहीतरी बिघडवलं. आजीला चार धरायचं की पाच, यावर त्या गटाने दहा मिनिटं चर्चा केली आणि 'या महिन्यात घरी असलेली माणसं' असं रकान्याचं नावच बदललं. माहिती गोळा करणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे सुचायला वेळ लागतो.

सगळ्यात घाबरवणारी चूक म्हणजे क्रम लावणं. कुणीतरी फक्त युनिटचा स्तंभ निवडून चढत्या क्रमाने लावतो. आकडे हलतात, त्यांच्या शेजारची घरं जागच्या जागी राहतात. तक्ता दिसायला नीटनेटका, आणि एकही ओळ खरी नाही. ताबडतोब लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेडने मागे जाता येतं. म्हणून नियम दोन: क्रम लावण्याआधी आख्ख्या तक्त्याची प्रत काढून ठेवायची, आणि प्रत्येक ओळीला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा, म्हणजे क्रम लावताना सगळी ओळ निवडली असेल तर केव्हाही मूळ मांडणीवर परतता येतं. सामाईक फाइलमध्ये 'आवृत्तीचा इतिहास' दिसतो, कुणी कधी काय बदललं ते कळतं. पण चौघं एकाच खात्यातून आत शिरले असतील तर सगळ्या बदलांना एकच नाव लागतं आणि इतिहासाचा उपयोग संपतो. खाती वेगळी असली तरी त्या इतिहासावरून गुण देऊ नयेत. तो फक्त टाइप केलेलं मोजतो. शेजारी बसून "आजीला धरायचं का?" असं विचारणाऱ्या मुलीचं तिथे नाव येत नाही.

ऐरोलीच्या पुलावरून जाताना थंडीत आणि उन्हाळ्यात खाडीच्या चिखलावर गुलाबी पट्टा दिसतो, तो इथल्या मुलांनी बघितलेला असतो. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ साली खाडी रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. शाळाशाळांत तिच्यावर प्रकल्प होतात. चार मुलं, चार स्लाइड: एकाची रोहितांवर, एकाची खारफुटीवर, एकाची मिठागरांवर, एकाची खाडीच्या गाळावर. शेवटच्या दिवशी जोडून टाकतात. हे चार कप्प्यांच्या डब्यासारखं झालं. भाजीचा वरणाशी संबंध नाही. रोहितवाल्याला विचारा, पक्षी इथेच का उतरतात, तर तो म्हणतो, "ते गाळवाल्याला माहीत." १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत एलियट अ‍ॅरन्सन यांनी 'जिगसॉ' पद्धत सुरू केली ती फार वेगळ्या कारणासाठी. तिथे वेगवेगळ्या वर्णांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांचा दुस्वास करत होती. उपाय असा की प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा द्यायचा, आणि परीक्षा मात्र सगळ्यांची सगळ्या तुकड्यांवर. मग शेजाऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

खाडीवर हे करायचं तर चाळीस मुलांचे चौघांचे दहा घर-गट पाडावेत. प्रत्येक गटातल्या चौघांना चार विषय. एका विषयाची दहा मुलं एकत्र बसवली तर तिघंच बोलतात, म्हणून त्यांची पाच-पाचची दोन टेबलं करावीत. एकूण आठ टेबलं. वीस मिनिटं त्यांनी आपला तुकडा समजून घ्यायचा, घर-गटाला सांगण्याची तयारी करायची, मग आपापल्या गटात परतायचं. इथे ठाण्याचा पाऊस आडवा येतो: लोकल बंद, रस्त्यावर पाणी, आठ मुलं गैरहजर, आणि कुठल्यातरी गटाचा खारफुटीचा तुकडाच गायब. त्या दिवशी गट पाच जणांचे करावेत आणि एक विषय दोघांना द्यावा. परत आल्यावर एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं एवढ्यावर थांबू नये. स्लाइड करताना नियम घालावा की प्रत्येकाच्या स्लाइडवर दुसऱ्याच्या तुकड्यातली एक गोष्ट असलीच पाहिजे आणि ती का आहे ते बोलून दाखवता आलं पाहिजे. मग रोहितवाला गाळवाल्याकडे जातो आणि त्याला कळतं की पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं, गुलाबी रंग खाण्यातून येतो, आणि ते खाणं गाळाच्या उथळ पाण्यातल्या शेवाळात आणि बारीक जीवांत असतं. तिवराची मुळं चिखलातून वर काड्यांसारखी का येतात, याचं उत्तरही गाळातच आहे, तिथे मुळांना हवा मिळत नाही. पडद्यावर बाण काढताना चौघांचे बाण एकमेकांना ओलांडू लागतात आणि कुणाची स्लाइड कुठे संपते ते सांगता येईनासं होतं. त्या गोंधळाचं चित्र कितीही वाईट दिसलं तरी पुसू नये.

काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः वस्तू बनवून बघण्याची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आहे. २०१६ मध्ये ही योजना आली, शाळेमागे वीस लाखांपर्यंतचं अनुदान. कपाटात कुठे मायक्रोबिट नावाचे तळहाताएवढे छोटे संगणक असतात, कुठे मोटारी असतात, आणि अनेकदा त्या कपाटाला कुलूप असतं, कारण एक सुटा भाग हरवला तर साठा नोंदवहीला उत्तर शिक्षकांनीच द्यायचं. त्यांच्या जागी बसून बघितलं तर राग येत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक गटाला झाकणाचा डबा, झाकणाच्या आतल्या बाजूला भागांची यादी, आणि तास संपताना मोजणारा एक 'भांडारी', दर आठवड्याला नवा. आणि मायक्रोबिट यंत्राला जोडूनही दिसत नसेल तर तो खराब झालाय असं समजून परत कपाटात टाकू नये. आधी वायर बदलून बघावी. भ्रमणध्वनीबरोबर येणाऱ्या काही वायरी फक्त वीज वाहतात, माहिती वाहत नाहीत. दिवा लागतो, म्हणून कुणाचा वायरवर संशय जात नाही.

गुणांचा प्रश्न येतोच. गटाला एकच गुण दिला तर काम करणारा चिडतो, वेगवेगळे दिले तर कुणी कुणाला मदत करत नाही. मधला रस्ता असा: गटाच्या कामाला एक गुण, पण ते समजावून सांगायला कोण उठणार ते चिठ्ठी टाकून. कुणाचंही नाव निघू शकतं म्हटल्यावर आदल्या तासाला पुढची मुलं मागच्यांना आपणहून शिकवतात. २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांची एकत्र प्रश्न सोडवण्याची वेगळी चाचणी घेतली होती. त्यात गटातले सोबती म्हणून संगणकच बोलायचा. ज्या ज्या देशांनी त्यात भाग घेतला तिथे, अगदी प्रत्येक देशात, मुली मुलांच्या पुढे होत्या. आपण त्यात नव्हतो. पण माऊसपासून दोन हात लांब, हातात वही घेऊन उभी असलेली मुलगी बघितली की तो निकाल आठवतो, आणि घशात काहीतरी अडकतं. तिचं अक्षर चांगलं आहे हे कौतुकच होतं. कौतुकाने सुद्धा माणूस मागे उभा राहतो.

पुढच्या शनिवारी त्याच खोलीत गजराचं घड्याळ आलं. दोघं वर, दोघं सतरंजीवर. दोन वेण्यांची मुलगी आधी डोळ्यांच्या खुर्चीत बसली, मांडीवर तीच वही. "मागच्या वेळची मांजर उघड," ती म्हणाली. मांजर गेली, आपटली, उलटी झाली. "हसू नको. निळं कपाट उघड. आपण 'बाउन्स' घेतला ना, त्याच्या खाली बघ. अगदी खाली." मुलाने वाचलं, अडखळत, "सेट रोटेशन स्टाइल... लेफ्ट-राइट." मांजरीला फक्त डावी-उजवी वळू देणारा तो तुकडा आठवडाभर एका बोटाच्या अंतरावर होता. तेवढ्यात घड्याळ वाजलं. दोघं उठले, खुर्च्या बदलल्या. तिने माऊसवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. बाण पडद्यावर भलतीकडे पळत होता, दोनदा तुकडा निसटला. तिने तो 'फॉरएव्हर'च्या खाली लावायचा प्रयत्न केला, तो चिकटेना. "त्याला खालून खाचच नाही," आता डोळे झालेला मुलगा म्हणाला. त्याचं बोट पडद्याकडे निघालं होतं, ते त्याने मुठीत दाबून धरलं. "तो संपतच नाही ना, मग खाली काय लागणार? वर लाव. झेंड्याच्या लगेच खाली." तिने वर लावला. झेंडा दाबला. मांजर कडेला गेली, आपटली, आणि चारही पाय जमिनीवर ठेवून परत आली. सतरंजीवरचे दोघं उठून बघायला आले.

मुलगी पडद्याकडेच बघत होती, हसली नाही. "लिही," ती म्हणाली. वही आता मुलाच्या मांडीवर होती. त्याने पान उलटलं आणि तिरक्या, मोठ्या अक्षरात ती सांगत होती ते लिहू लागला: मांजर सरळ झाली. पण ती घसरते. पाय हलत नाहीत. का?